बारा मिलिसेकंद

पितळी चौकटीचा स्क्रू मी आणखी अर्धा फेरा फिरवला आणि नख मोडावं तेवढाच आवाज झाला. आधी वाटलं, स्क्रूच सरकला. मग चौकट खिडकीकडे धरून पाहिली, तर तिच्यात बसवलेल्या स्फटिकाच्या आत आरपार एक रुपेरी पापुद्रा उभा राहिलेला. स्क्रू सैल केला तसे तीन तुकडे माझ्या तळहातावर आले.

सकाळचे पावणेनऊ वाजले होते. साल १९८६, मे महिना. अकरा वाजता प्रल्हाद नेवारेची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती. त्याचा अख्खा प्रबंध त्या एका स्फटिकावर उभा होता.

मी तेव्हा नागपुरातल्या एका संस्थेच्या भौतिकशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होते. रत्नप्रभा उके, बी.एस्सी., हंगामी. माझं काम स्फटिक वाढवायचं. अँथ्रासीन म्हणून एक पांढरी पूड असते, दगडी कोळशाच्या डांबरातून निघते. ती काचेच्या लांब नळीत भरायची आणि नळीवरून एक तापलेलं कडं सावकाश सरकवत न्यायचं. कड्याखालची पूड वितळते, कडं पुढे गेलं की गोठते, आणि आतला मळ वितळलेल्या भागाबरोबर नळीच्या टोकाकडे ढकलला जातो. असे तीनशे फेरे मी केले होते. मग ती शुद्ध पूड भट्टीत, तासाला एक मिलिमीटर अशा चालीने खाली सोडत गोठवायची. सगळं धरून चार महिने लागले होते. हाताला आला तो अंगठ्याएवढा, पाण्यासारखा स्वच्छ स्फटिक. उन्हात धरला की कडांना जांभळट निळी झाक यायची.

तो मी मोडला होता.

दालनात मी एकटीच होते. नेवारे बाहेरगावच्या परीक्षकांना आणायला स्टेशनवर गेला होता. विभागप्रमुख आणि नेवारेचे मार्गदर्शक खानझोडे सर अजून यायचे होते. माझ्या नोकरीचं कायम होण्याचं पत्र सरांच्या टेबलावर सहीसाठी तीन आठवडे पडलं होतं. खोटं कशाला बोलू, तुकडे हातात असताना पहिला विचार त्या पत्राचाच आला.

दुसरा विचार आला तो कपाटातल्या दुसऱ्या स्फटिकाचा. तो आधीच्या खेपेचा होता. त्याच्या पुडीला मी जेमतेम साठ फेरे दिले होते. दिसायला मात्र अगदी तसाच, तेवढाच. डोळ्यांना फरक कळणं शक्य नव्हतं. सर नेहमी म्हणायचे, "बाहेरचे परीक्षक आत येतात, निळा उजेड बघतात, मान हलवतात आणि चहा पितात." निळा उजेड तर हाही देणार होता.

मी तुकडे गाळणकागदात गुंडाळून माझ्या खणात टाकले आणि दुसरा स्फटिक चौकटीत बसवला. या वेळी स्क्रू अगदी हलक्या हाताने फिरवला.

साडेदहाला नेवारे परीक्षकांना घेऊन आला. प्रा. केळुसकर मुंबईचे. बारीक अंगाचे, पांढरा सुती बुशशर्ट, बोलणं हळू. नेवारेने नवीन पँट शिवली होती आणि ती घोट्याशी जरा आखूड झाली होती. देवरीकडच्या एका गावातून आलेला हा मुलगा, घरात दहावी झालेला पहिलाच. सहा वर्षं या विभागात होता. मला ताई म्हणायचा.

"ताई, बसवला?" त्याने आल्या आल्या विचारलं.

"बसवला," मी म्हणाले.

खानझोडे सर आले. पडदे ओढले, दालन काळोखं केलं. लेझरचा लाल किरण फिरत्या चकतीच्या फटींतून तुटक तुटक होत स्फटिकात शिरला. समोर निळी काच, तिच्यामागे उजेड मोजणारी नळी, आणि शेजारी त्या उजेडाची चढउतार रेघेत दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचा हिरवा पडदा. डोळे अंधाराला सरावले तशी निळ्या काचेतून एक फिकट निळी रेघ दिसू लागली.

"लाल उजेड आत जातो आणि निळा बाहेर येतो," केळुसकर म्हणाले. "मी भौतिकशास्त्राचा नाही असं समजा आणि सांगा, हे कसं होतं?"

नेवारे खुलला. हे त्याचं आवडतं होतं.

"सर, लाल उजेडाच्या एका कणात निळा उजेड देण्याएवढी ऊर्जा नसते. तो आत गेला की एखाद्या रेणूवर एक उत्तेजना तयार होते. तिला आपण ट्रिप्लेट म्हणतो. रेणू जागचा हलत नाही, पण ट्रिप्लेट या रेणूवरून शेजारच्या रेणूवर उडी मारतो, तिथून पुढच्यावर. दिशा ठरलेली नाही. कधी पुढे, कधी मागे. भटकत राहतो. असे दोन ट्रिप्लेट भटकता भटकता एकमेकांशेजारी आले, की दोघेही संपतात. आणि दोघांची ऊर्जा मिळून निळ्या उजेडाचा एक कण निघतो."

"आणि भेटलेच नाहीत तर?"

"तर आपापले विझतात. उजेड न देता. किंवा वाटेत मळाचा एखादा रेणू भेटला तर तिथे अडकून विझतात. म्हणून स्फटिक जितका शुद्ध तितकं त्यांचं आयुष्य मोठं, आणि तितके ते लांब जातात. आमच्या स्फटिकात लाल उजेड बंद केल्यावर निळा विझायला बारा मिलिसेकंद लागतात. दोघं भेटल्याशिवाय निळा निघत नाही, म्हणून एकेकट्या ट्रिप्लेटचं आयुष्य त्याच्या दुप्पट, चोवीस. तेवढ्या वेळात तो वीस मायक्रॉन जातो, सर. केसाच्या जाडीचा पाव भाग. पण त्याच्या हिशेबाने तीसेक हजार रेणू ओलांडतो."

"या आयुष्यावरच तुमचं सगळं पुढचं गणित आहे."

"हो सर. तिसऱ्या प्रकरणापासून पुढे सगळं."

"मग ते बारा मला दाखवा," केळुसकर म्हणाले. "उजेड सगळेच दाखवतात. मला आकडा बघायचाय."

आकडा कुणी मागेल असं मी धरलंच नव्हतं.

नेवारेने ऑसिलोस्कोपची बटणं फिरवली. हिरवी रेघ वर चढली आणि खाली कोसळली. ती सावकाश उतरायला हवी होती. तो पडद्याजवळ वाकला, त्यावर आखलेले वेळेचे चौकोन मोजले, परत मोजले.

"किती?" केळुसकरांनी विचारलं.

"एक मिनिट, सर." त्याने चकतीचा वेग तपासला. नळीचा विजेचा दाब तपासला. "उजेड जास्त होत असेल. ट्रिप्लेट फार झाले की एकमेकांना लवकर भेटतात, मग वेळ कमी येतो." त्याने किरणाच्या वाटेत काळसर काच ठेवली. रेघ बुटकी झाली, पण तशीच कोसळली. आणखी एक काच ठेवली. तरी तीच गत.

"किती, नेवारे?"

"चार," तो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

"प्रबंधात बारा आहे."

"हो सर."

"बाराचे चार कसे झाले?"

केळुसकर खानझोडे सरांकडे वळले. सर खुर्चीत पुढे सरकले. "उष्णता आहे फार. उपकरणं जुनी आहेत." मग घसा साफ करून म्हणाले, "आणि प्रत्येक मापनाला मी हजर नव्हतो, हेही सांगायला हवं. आकडे नेवारेने घेतलेले आहेत."

नेवारेने मान वळवून सरांकडे पाहिलं. फक्त पाहिलं. ऑसिलोस्कोपच्या हिरव्या उजेडात त्याचा चेहरा मला दिसत होता. मी भिंतीला टेकून उभी होते. तोंड उघडायला याहून नेमकी वेळ नव्हती. मी ते उघडलं नाही.

"अर्धा तास थांबू," केळुसकर म्हणाले. "मी सरांच्या खोलीत बसतो. कारण सापडलं तर सांगा. नाही सापडलं तर मी काय पाहिलं ते मला अहवालात लिहावं लागेल. आकडे बनवले असं मी म्हणत नाही. पण वाचणारा तेच म्हणेल."

ते गेले. मी पडदे उघडले. ऊन आत आलं तशी ती सगळी यंत्रं एकदम मळकट, साधी दिसायला लागली.

खानझोडे सर दाराशी थांबले. दार लोटून घेतलं. "प्रल्हाद, आता खरं सांग. घाईत होतास का? प्रबंध द्यायची तारीख जवळ आली होती. एखादा आकडा तू... होतं असं. मी समजू शकतो. पण आधी मला सांग, म्हणजे त्यांच्याशी कसं बोलायचं ते मी बघतो."

"सर, मी बारा पाहिलेत," नेवारे म्हणाला. "एकदा नाही. चाळीस वेळा."

"मग आज?"

"मला नाही माहीत."

सर निघून गेले.

नेवारे स्टुलावर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, काल संध्याकाळी तुम्ही स्फटिक पाहिला तेव्हा बरा होता ना?"

"बरा होता."

"आज बसवताना?"

"बरा होता," मी म्हणाले.

पहिलं उत्तर खरं होतं. दुसरं, शब्द तेच असून, खोटं होतं. त्याने मान हलवली. त्याला माझा संशय आलाच नाही. त्याने आपली जुनी वही काढली आणि पानं उलटायला लागला. बारा, बारा पूर्णांक दोन, अकरा पूर्णांक नऊ. प्रत्येक आकड्यापुढे त्याची बारीक सही. तो बोट ठेवून वाचत होता आणि ओठ हलत होते. मग बोट थांबलं.

"पडद्यावरचे चौकोनच चुकीचे मोजून राहिलो असेन का मी?" तो म्हणाला. बोली एरवी तो विभागात बोलायचा नाही. "एका चौकोनाचे पाच मिलिसेकंद धरले, अन् बटण दुसऱ्याच खुणेवर असलं तर? पहिल्या दिवशी एकदा चुकलो, अन् मग रोज तेच?"

"चाळीस वेळा कसं चुकेल?"

"चुकते ना, ताई. माणूस जे शोधते तेच त्याला दिसते." त्याने वहीतला एक कोरा कागद फाडला. "त्यांना लिहून देतो. मापनात दोष असण्याची शक्यता आहे, प्रबंध मागे घेतो. सरांचं नाव तरी खराब होणार नाही."

आणि त्याने लिहायला सुरुवात केली. 'मी, प्रल्हाद सोमाजी नेवारे.' अक्षर नेहमीसारखं स्वच्छ. इथवर मला वाटत होतं, त्याला काहीतरी कारण सापडेल, कुणीतरी उष्णतेवर ढकलेल, निभावून जाईल. पण तो स्वतःच्याच डोळ्यांनी पाहिलेलं खोटं होतं असं आपल्या हाताने लिहीत होता, आणि ते त्याला पटतही चाललं होतं.

मी खण उघडला. गाळणकागदाची पुडी त्याच्या कागदावर ठेवली.

"हे काय?"

"तुमचा स्फटिक. सकाळी माझ्या हातून मोडला. चौकटीत आहे तो पहिल्या खेपेचा आहे."

त्याने पुडी उलगडली. तुकड्यांकडे पाहिलं. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, पुडी घेतली, आणि म्हणाला, "चला."

सरांच्या खोलीत केळुसकर चहा पीत होते. मी दारातच सगळं सांगून टाकलं. थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं. कधी मोडला, का लपवला, दुसरा का बसवला. कायम होण्याच्या पत्राचंही सांगितलं.

खानझोडे सर म्हणाले, "उकेबाई, तुमची भावना कळते मला. सहा वर्षं एकत्र काम केलंय तुम्ही. पण असं सांगून..."

"भावना नाही, सर. स्फटिक आहे," मी म्हणाले.

केळुसकरांनी कप खाली ठेवला. "तुकडे कुठल्याही स्फटिकाचे असू शकतात, बाई."

"असू शकतात. पण बाजारात हा मिळत नाही. साठ फेऱ्यांचा चार देतो ते तुम्ही पाहिलंत. बारा द्यायचा तर तीनशे फेरे लागतात, आणि तेवढे या विभागात एकाच स्फटिकाला दिलेत. ते मी दिलेत. मोजून बघा."

"मोडताना आत ताण बसतो," नेवारे म्हणाला. आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. "ताण बसलेल्या जागी ट्रिप्लेट अडकतात. तुकड्यात बारा येईलच असं नाही सांगता येत. चारही येतील."

मला हे सुचलंच नव्हतं. मी पुडी दिली तेव्हा त्याला ते ठाऊक होतं. तरी तो चला म्हणाला होता.

"तरी मोजायचं?" केळुसकरांनी विचारलं.

"मोजायचं, सर."

पडदे पुन्हा ओढले. सगळ्यात मोठा तुकडा नेवारेने स्वतः बसवला, स्क्रू न वापरता, मेणाच्या एका थेंबावर. केळुसकर या वेळी खुर्चीत बसले नाहीत. ऑसिलोस्कोपशी जाऊन उभे राहिले आणि बटणाची खूण त्यांनी स्वतः वाकून वाचली.

लाल किरण सुरू झाला. तुकड्याच्या भंगलेल्या कडेवर उजेड विखुरला आणि पडद्यावर नुसती गिचमिड उमटली. नेवारेने तुकडा केसभर फिरवला. गिचमिड तशीच. आणखी फिरवला. खोलीत कूलर बंद होता, चकतीची घरघर तेवढी ऐकू येत होती. किरण आतल्या स्वच्छ भागात शिरला तशी रेघ वर चढली. आणि उतरायला लागली. सावकाश.

"बोलू नका कुणी," केळुसकर म्हणाले. त्यांनी चौकोन मोजले. चकती थांबवून पुन्हा सुरू करायला लावली. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा जागा बदलायला लावली.

"अकरा," ते म्हणाले. "दहा पूर्णांक आठ. अकरा." मग चौकटीतला दुसरा स्फटिक परत लावायला सांगितला, आणि तो चार देतो हेही परत पाहिलं. पडदे उघडल्यावर त्यांनी खिशातून पेन काढलं. "मोडलेल्यात अकरा, तर अखंडात बारा असणारच. नेवारे, पाचव्या प्रकरणावर माझे तीन प्रश्न आहेत. बसून घ्या."

साडेतीनला परीक्षा संपली. नेवारे डॉक्टर झाला. पेढे वाटले गेले, मलाही मिळाला. त्यानेच आणून दिला, ताई म्हणाला, आणि पुढे गेला.

पाच वाजता खानझोडे सरांनी मला बोलावलं. राजीनामा लिहूनच मी आत गेले. सरांनी तो वाचला आणि बाजूला ठेवला. माझं कायम होण्याचं पत्र समोर ओढलं आणि सही केली.

"सर, हे कसं..."

"तुम्हाला खरं बोलायला अर्धा तास लागला, उकेबाई," सर म्हणाले. "मी त्याला सहा वर्षं ओळखतो. हात वर करायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. तुमचा राजीनामा घेतला तर मी काय देऊ?"

"हे त्याला सांगा ना, सर."

सर पेनाचं टोपण लावत राहिले. त्यांनी ते त्याला सांगितलं नाही. निदान पुढचे पंधरा दिवस, नेवारे विभागात होता तोवर, नाही.

जाण्याच्या दिवशी नेवारे माझ्याकडे आला. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात त्याला जागा मिळाली होती. मी त्याची माफी मागितली. मागे दोनदा मागायला गेले होते, दोन्ही वेळा शब्द सापडले नव्हते. मग सर काय म्हणाले तेही सांगितलं, मला सांगायचा हक्क नसताना.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "सरांना दोन मिनिटं लागली असतील. मी किती वेळ तग धरला, ताई? वहीत चाळीस आकडे होते. माझ्याच सह्या होत्या. अन् मी कागद फाडला." तो थांबला. "सरांवर काय राग धरू?"

त्याने टेबलावरची रिकामी पितळी चौकट उचलून पाहिली.

"तसा स्फटिक परत वाढवायला किती दिवस लागतील?"

"पूड शुद्ध करण्यापासून धरलं तर चार महिने."

"वाढवाल?"

मी वाढवला. या खेपेला साडेतीनशे फेरे दिले. पावसाळ्यात वीज जायची तेव्हा कडं थांबायचं, आणि मी तो अख्खा फेरा रद्द धरून नव्याने सुरू करायची. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्फटिक हाती आला. मी भंडाऱ्याला पत्र टाकलं. शनिवारी सकाळच्या एस.टी.ने नेवारे आला. थोडा जाड झाला होता, हातात खडूची पूड लागलेली पिशवी. स्फटिक आम्ही मेणावर बसवला, पडदे ओढले, आणि तो ऑसिलोस्कोपपाशी वाकला.

रेघ चढली. उतरली. तो मोजत होता तेव्हा दार किलकिलं झालं आणि खानझोडे सर आत आले. तो येणार आहे हे मी त्यांना कळवलं नव्हतं. त्याचा आवाज ऐकून आले असावेत. ते दाराजवळच उभे राहिले, नोकरीसाठी आलेल्या माणसासारखे.

"किती आला, प्रल्हाद?" त्यांनी हळूच विचारलं.

नेवारे सरळ उभा राहिला. त्याने काळोखात सरांकडे पाहिलं. मला वाटलं, आता तो आकडा सांगेल, किंवा सांगणारच नाही. तो पडद्यापासून दोन पावलं बाजूला झाला आणि त्याने स्टूल पुढे ओढलं.

"तुम्हीच बघा, सर," तो म्हणाला.

सर आले. चष्मा काढून पुसला, परत घातला. स्टुलावर बसून पडद्यावर वाकले आणि बोटाने एकेक चौकोन मोजायला लागले. पहिल्या वेळी त्यांचा हिशेब चुकला. नेवारे थांबला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.